कोयासानची नवमी

२०२५ सालच्या भाद्रपदांत आम्ही तिघे पेन्शनर जपानास जाऊन आलों. अण्णांचे चिरंजीव ओसाका शहरीं नोकरीस आहेत. त्यांच्याकडेच बिऱ्हाड होतें. सप्टेंबरचा तिसरा सोमवार हा त्या देशीं वृद्धांच्या सन्मानार्थ सुटीचा दिवस असतो. शनिवार-रविवारास तो जोडून आला, तेव्हां चिरंजीव म्हणाले, "काका, शहर पुष्कळ झालें, आतां डोंगरांत चला."

नानांचें मात्र मन नव्हतें. त्याच सोमवारीं, १५ तारखेस, अविधवा नवमी होती, आणि वहिनींना जाऊन दुसरेंच वर्ष. "पितृपक्षांत घर सोडलें हेंच चुकलें," असें ते दोनदां बोलले. आग्रह करण्याचा धीर मला झाला नाहीं, अण्णांनीं केला.

आगगाडी डोंगराच्या पायथ्याशीं थांबते. पुढील चढ दोरानें ओढल्या जाणाऱ्या गाडीनें पांच मिनिटांत संपतो. कोयासान सुमारें ८०० मीटर उंचीवर आहे. कूकाई नामक भिक्षूनें ८१६ सालीं तें वसविलें. तत्पूर्वीं चीनमध्यें जाऊन तो प्रज्ञ नांवाच्या पंडितापाशीं संस्कृत शिकला होता. उतरण्याची सोय विहारांतच होते. जेवणांत मांस-मासळी नाहीं, इतकेंच नव्हे तर कांदा-लसूणही नाहीं! तिळाची खरवसासारखी मऊ वडी असते. प्रवासांत प्रथमच नानांनीं "यांत काय आहे?" असें न विचारतां पान संपविलें. (त्याच विहारांत बिअरही मिळते, हें मीं त्यांस सांगितलें नाहीं.)

सोमवारीं सकाळीं ओकुनोइन पाहिलें. उंच वृक्षांखालून दोन किलोमीटरांची वाट, आणि दुतर्फा दोन लाखांवर समाध्या. पुष्कळ समाध्या एकावर एक रचलेल्या पांच दगडांच्या; त्यांवर सिद्धम् लिपींतील एकेक अक्षर. पुस्तकांत ती लिपि पाहिलेली असल्यामुळें मीं खालून वर मोठ्यानें वाचूं लागलों: अ, ब, र, ह, ख. एका तरुण भिक्षूनें हंसून कागदावर दुसरें अक्षर काढून दाखविलें. तें 'ब' नव्हे, 'व' होतें. पृथ्वी, आप, तेज, वायु, आकाश! जन्मभर मुलांकडून पंचमहाभूतें घोकून घेतलीं, आणि येथें त्या मुलानें माझी चूक काढली. राग आला नाहीं, पण कान तापले.

शेवटच्या पुलाजवळ ओढ्याकांठीं क्षितिगर्भ इत्यादिकांच्या मूर्तींची रांग आहे. लोक पळीनें त्यांवर पाणी घालून आपल्या मृतांचें स्मरण करितात. नाना तेथें बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनीं जोडे काढले, पळी घेतली, वहिनींचें नांव व गोत्र स्पष्ट उच्चारून तीन वेळां पाणी घातलें.

"मास्तर, हें शास्त्रांत बसतें काय?" अण्णांनीं हळूच विचारलें.

"उदक आहे, नांव आहे," मीं म्हणालों. "बाकीचें पुण्यास गेल्यावर गुरुजींना विचारूं."

तें विचारावयाचें अद्यापि राहिलें आहे. परतीच्या गाडींत नाना दोन वर्षांनीं प्रथमच वहिनींविषयीं बोलूं लागले, आणि ओसाका येईपर्यंत आम्हीं त्यांस थांबविलें नाहीं.