आमचीं मुलें आणि शहर-पोलिसांतील नोकरी

दौलताबादच्या किल्ल्याखालून वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यानें पहाटेस जो कोणी दुधाची किटली घेऊन निघतो, त्यास एक देखावा रोज दिसतो. दिल्ली दरवाज्याच्या आसपास पंधरावीस मुलें, आणि हल्लीं चार-पांच मुलीही, धांवत असतात. एक जण घड्याळ धरून सेकंद मोजतो. शेजारच्या पडीक तुकड्यांत लोखंडी गोळा फेकण्याचा अभ्यास चालतो. हीं बहुतेक शेतकऱ्यांचीं मुलें होत, आणि हा सर्व खटाटोप पोलीस-भरतीसाठीं आहे. त्यांचे वडील आम्हांस भेटले म्हणजे एकच प्रश्न करितात, "भाऊसाहेब, पोराचं जमंल का?" आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली, पोलीस खात्यांत नव्हे, तथापि दाखल्यांच्या निमित्तानें ह्या भरतीचे इतके अर्ज आमच्या नजरेखालून गेले आहेत कीं, त्या प्रश्नास उत्तर देण्याचें धाडस करितों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पोलिसांत जाण्याचीं दारें दोन आहेत. फौजदार, म्हणजे उपनिरीक्षक, व्हावयाचें तर पदवी पाहिजे. लोकसेवा आयोगाची परीक्षा उतरली पाहिजे आणि मग नाशिकच्या अकादमींत शिक्षण घ्यावें लागतें. शिपायासाठीं बारावी पुरे. मूळ पगार शिपायास २१,७०० रुपयांपासून व फौजदारास ३८,६०० पासून सुरू होतो. शिपाई चढत चढत हवालदार, सहायक फौजदार व पुढें फौजदारही होतो, परंतु तोंवर डोक्यावरचे केस पांढरे होतात. आमच्या गांवांत शिपायाची तयारी करणाऱ्या मुलाच्या लग्नाच्या बोलणींत ‘मुलगा साहेब होणार’ असें सांगण्याचा प्रघात पडला आहे, तो मुलीच्या बापानें जरा तपासून घ्यावा.

दुसरी गोष्ट घटकाची. प्रत्येक शहराचें आयुक्तालय व प्रत्येक जिल्ह्याचा अधीक्षक आपापली भरती स्वतंत्र करितो, आणि एका पदासाठीं एकाच घटकांत अर्ज करितां येतो. आपल्या शहरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस व आतांच्या छत्रपती संभाजीनगरास, १९९१ सालीं पोलीस आयुक्त मिळाले. दौलताबादचें ठाणें त्यांच्याच हाताखालीं आहे. म्हणजे आम्ही शेती करणारे खेडुत असूनही पोलिसांच्या हिशेबीं शहरांत मोडतों! बांधावरून मारामारी झाली व चॅप्टर केस झाली, तर ग्रामीण भागांतील शेतकरी तहसीलदारापुढें उभा राहतो. आमचा मनुष्य शहराच्या सहायक आयुक्तापुढें जातो. घटक निवडतांना मुलानें हें सर्व जाणावें. शहरांत लागलेला बहुधा शहरांतच राहतो. गणपतींत, निवडणुकींत, मिरवणुकींत उभा राहतो. आणि कापूस वेचणीस आला असतां दिवाळीच्या बंदोबस्तांतून त्यास रजा मिळेल अशी आशा बापानें धरूं नये.

आतां परीक्षा. वय खुल्या वर्गास १८ ते २८, मागासवर्गीयांस ३३ पर्यंत. पुरुषाची उंची १६५ सेंटीमीटर, स्त्रीची १५५. मुलें जिला ‘ग्राउंड’ म्हणतात ती मैदानी चाचणी ५० गुणांची: पुरुषांस १६०० मीटर धांवणें २० गुण, १०० मीटर १५ व गोळाफेक १५. सोळाशे मीटर ५ मिनिटें १० सेकंदांत काढील त्यासच पूर्ण वीस गुण. गोळा ७.२६० किलोचा. त्यानंतर १०० गुणांची लेखी परीक्षा: अंकगणित, सामान्यज्ञान, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण. लेखीस एका जागेमागें दहा जण बोलावितात. आमचा अनुभव असा कीं, शेतांत वाढलेलें पोर मैदानांत क्वचितच मागें पडतें; तें अंकगणितांत आणि, लाज वाटते सांगावयास, मराठी व्याकरणांत पडतें. तरी पैसा खर्च होतो तो बुटांवर व अकॅडमीच्या शुल्कावर.

२०२४ च्या भरतींत शिपाई, चालक, राखीव दल, कारागृह मिळून राज्यांत १७,४७१ जागा होत्या व अर्ज सतरा लाखांच्या वर आले. एका मुलाचे दोन-तीन अर्ज धरले तरी हें प्रमाण काय होतें तें वाचकांनीच पाहावें. शंभर बिया टोकून दोन-तीनच उगवतील असें बियाणें कोणी शहाणा शेतकरी सबंध रानांत पेरील काय? आम्ही ‘पेरूं नका’ असें म्हणत नाहीं. तुरीची ओळ कपाशींत घालतात तशी ही भरती आंतरपीक म्हणून घ्यावी. मुलानें सकाळीं धांवावें, दिवसा कॉलेजांत जावें अथवा पेरूच्या बागेंत काम करावें, रात्रीं गणितें सोडवावीं. आणि किती भरत्यांपर्यंत हें चालवावयाचें तें बापलेकांनीं आधींच ठरवावें. मुदत न ठरविल्यामुळें अठ्ठाविसाव्या वर्षीं ना नोकरी, ना शेतीचा हात, अशा स्थितींत पारावर बसलेलीं मुलें आम्ही पाहतों. त्यांच्याशीं बोलण्यास त्यांचे वडीलही धजत नाहींत.

जमीन मात्र विकूं नये. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थानें ‘काम करून देतों’ म्हणणाऱ्या दलालास देण्यासाठीं तीस गुंठे विहिरीसुद्धां खरेदीखतानें दिले. दलाल गेला, विहीर गेली. आणि लांच दिल्याचें सांगावें लागेल म्हणून फिर्यादही झाली नाहीं. त्या विहिरीवरची सीताफळाची बाग आतां दुसऱ्याची आहे.

आतां आमच्या स्वतःच्या दोषाविषयीं. आम्ही एका तहसिलींत असतां नॉन क्रिमी लेअरच्या दाखल्याचा एक अर्ज आमच्या टेबलावर आठ दिवस पडून राहिला. कारण कांहीं मोठें नव्हतें. वसुलीचीं विवरणपत्रें भरावयाचीं होतीं व मुलगा तगादा करणारा नव्हता. सही झाली ती जाहिरातींतील अखेरच्या तारखेनंतरची. मैदानांत त्यास चांगले गुण होते. कागदपत्रांच्या तपासणींत तो बाद झाला. पुढल्या भरतींत त्याचें वय उलटलें. आम्हांस कोणी बोल लाविला नाहीं, आणि म्हणूनच तें अधिक सलतें. दाखले जाहिरातीची वाट न पाहतां काढून ठेवावे. जातपडताळणी तर कधींच अंगावर घेऊं नये. जायकवाडींत ज्यांचीं शेतें गेलीं त्यांच्या घरच्यांस प्रकल्पग्रस्तांच्या पांच टक्के जागांचा लाभ आहे. पण तो कुटुंबांतील एकासच मिळतो, तेव्हां चुलत्यापुतण्यांनीं भांडून दोघांचाही घालवूं नये.

कांहीं मित्र म्हणतात, मुलें अशीं शहरांत गेलीं तर शेतीस हात कोठून येणार? आमचें उत्तर वेगळें आहे. विहिरीवरची मोटर चोरीस गेली म्हणून ठाण्यांत जाणाऱ्या शेतकऱ्यास ‘पावती आहे का’ एवढेंच विचारून वाटेस लावितात, हा अनुभव पुष्कळांचा असेल. त्या टेबलामागें जिनें स्वतः मोटरचें स्टार्टर दाबून रात्रीचें पाणी भरलें आहे अशी एखादी मुलगी बसली, तर ती फिर्याद निदान लिहून घेईल असें आम्हांस वाटतें. स्त्रियांस तीस टक्के जागा आहेत. निजामी अमदानींत आपल्याकडे मालीपाटील व पोलीसपाटील वेगळे असत, दोघेही गांवचेच. आतां महसुलांत आमच्यासारखे गांवचे कांहीं शिरले, ठाण्यांतही शिरावे.

आपल्या सोसायटीच्या कचेरींत दर गुरुवारीं दुपारीं आम्ही बसत असतों. ज्यांस दाखल्यांच्या तारखा तपासून पाहिजे असतील त्यांनीं मुलास किंवा मुलीस घेऊन यावें. झेरॉक्स नकोत, मूळ कागद आणावे.