मध्यंतरांत कोणीं गावें?

खेळाच्या मध्यंतरांत गाणें असावें कीं नसावें, हा वाद आतां जुना झाला. गाणें असतेंच. वाद उरला आहे तो गाणारा कोणीं निवडावा व काय पाहून निवडावा, एवढ्यापुरता. आणि तो दिसतो तितका क्षुल्लक नाहीं, असें आमचें मत आहे. २०२६ सालच्या ८ फेब्रुवारीस अमेरिकेंतील सांता क्लारा येथें त्या देशाच्या फुटबॉलचा अंतिम सामना झाला. (हा फुटबॉल आपला नव्हे. त्यांत लांबट चेंडू हातांत घेऊन धांवावयाचें असतें. पायाचा संबंध क्वचित् लाथ मारण्यापुरता.) त्याच्या मध्यंतरांत गाण्यासाठीं बॅड बनी या नांवानें प्रसिद्ध असलेल्या पोर्तो रिकोच्या गायकाची योजना झाली होती. हा गृहस्थ स्पॅनिश भाषेंत गातो. निवड जाहीर झाल्यापासून सामन्यापर्यंत चार महिन्यांहून अधिक काळ त्या देशांत एकच गदारोळ चालला होता कीं हा आपला नव्हे, याची भाषा आपली नव्हे. एका संस्थेनें तर त्याच घटकेस आपला निराळा जलसा प्रक्षेपित करून लोकांस तिकडे बोलाविलें. पोर्तो रिकोचे रहिवासी १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, ही गोष्ट त्या गदारोळांत फारशा कोणास आठवली नाहीं.

बारा-तेरा मिनिटांच्या गाण्यापायीं एवढा संताप कां, असें वाचकांस वाटेल. त्याचें उत्तर आंकड्यांत आहे. २०२५ च्या अंतिम सामन्याचे सरासरी प्रेक्षक १२ कोटी ७७ लक्ष होते, आणि मध्यंतरांत केंड्रिक लमार यानें गाइलें तें पाहणारे १३ कोटी ३५ लक्ष! पक्वान्नापेक्षां चटणीच अधिक खपली. जेथें एवढे डोळे एका ठिकाणीं लागतात, तेथें कोणास उभें केलें यावरून ‘हा देश कोणाचा’ हें ठरतें, अशी लोकांची समजूत होते. आणि ती अगदींच चुकीची म्हणतां येत नाहीं.

आरंभीं असें कांहीं नव्हतें. १९६७ सालीं पहिला सामना झाला तेव्हां मध्यंतरांत विद्यापीठांचीं वाद्यपथकें कवायत करीत वाजवून गेलीं. पुढील वीस-बावीस वर्षें बहुधा हाच प्रकार चालला. विद्यार्थ्यांनीं वाजवावें, प्रेक्षकांनीं तेवढ्यांत कांहीं खाऊन घ्यावें. १९९२ सालीं मात्र एक मौज झाली. मैदानांत हिवाळ्याच्या देखाव्यावर कांहीं नाचगाणें चाललें असतां एका प्रतिस्पर्धी वाहिनीनें नेमक्या त्याच वेळीं आपला विनोदी कार्यक्रम लाविला, आणि दोन कोटींहून अधिक प्रेक्षक उठून तिकडे गेले. चालकांचे डोळे उघडले. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं मायकेल जॅक्सन यास आणिलें, आणि तेव्हांपासून मध्यंतर हाच एक सामना होऊन बसला.

या इतिहासांत आम्हांस एक गोष्ट फार लक्षांत घेण्यासारखी वाटते. ती ही कीं, प्रत्येक निवड ही मागल्या फजितीचें उत्तर असते. २००४ सालीं जॅनेट जॅक्सन हिच्या वस्त्राचा प्रकार घडून देशभर बोभाटा झाला. लगेच पुढच्या वर्षीं पॉल मॅककार्टनी, त्याच्या पुढच्या वर्षीं रोलिंग स्टोन्स, असे वयानें व कीर्तीनें मुरलेले पुरुष आणण्यांत आले, कारण त्यांच्याकडून धोका नव्हता. पुढें कृष्णवर्णीयांवरील अन्यायाचा निषेध म्हणून राष्ट्रगीताच्या वेळीं गुडघा टेकणाऱ्या खेळाडूस संघांनीं वाळींत टाकलें, तेव्हां रिहाना हिच्यासारख्या गायिकेनें निमंत्रण नाकारिलें. मग २०१९ च्या ऑगस्टांत चालकांनीं जे-झी या कृष्णवर्णीय गायकाच्या संस्थेशीं करार करून निवडीचें काम बव्हंशीं तिच्या सल्ल्यानें चालविलें. याच रिहानानें २०२३ सालीं त्याच मैदानी मंचावर गाइलें. गाणारा चांगला आहे काय, हा प्रश्न यांत कोठें विचारला गेला असेल, तर तो सर्वांत शेवटीं.

आपल्या ओळखीच्या फुटबॉलांत ही हवा अलीकडेच शिरली आहे. त्या खेळाच्या नियमांत मध्यंतर १५ मिनिटांपेक्षां अधिक नसावें असें स्पष्ट आहे. तरीहि २०२४ च्या जुलैंत दक्षिण अमेरिकेच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना मायामी येथें झाला, तेव्हां शकिरा हिच्या गाण्यासाठीं मध्यंतर २५ मिनिटांपर्यंत ताणलें. कोलंबियाच्या प्रशिक्षकानें आधींच तक्रार केली होती, कीं खेळाडूंचीं अंगें थंड पडतील. गायिका कोलंबियाचीच, तरी तक्रार केली. या गृहस्थाच्या विवेकाचें आम्हांस कौतुक वाटतें. २०२५ च्या जुलैंत न्यू जर्सी येथें क्लबांच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. त्यांत मैदानाची हिरवळ तुडविली जाऊं नये म्हणून मंच वर प्रेक्षागारांत उभारिला होता. गवताची काळजी घेतली गेली. खेळाडूंस मात्र येथेंहि नियमापेक्षां बराच अधिक वेळ ताटकळावें लागलें.

मध्यंतराचें गाणें ही वस्तु आपल्या घरांस नवी आहे काय? नारदीय कीर्तनास लहानपणापासून बसलेल्या वाचकांनीं जरा आठवून पाहावें. पूर्वरंग संपतो, बुवा थांबतात, त्यांस हार घालितात, बुक्का लावितात, आणि तेवढ्या अवधींत भजन होतें. कोठें गांवांतील एखादी गळा असलेली मुलगी एक पद म्हणते. तें पद निवडतांना घरचीं वडील माणसें किती बारकाईनें पाहत! पुढें आख्यान ध्रुवाचें असेल तर पद शृंगाराचें नको; बुवांची पट्टी काळी एक असेल तर पोरीनें काळी पांच धरूं नये; आणि टाळ्या पडल्या म्हणून दुसरें पद सुरू करूं नये. उत्तररंगास बुवांचा आवाज पुन्हां लागावयाचा आहे, ही जाणीव त्यांत असे. भरतमुनींनीं नाटकाच्या दोन अंकांमधील प्रवेशकास हेंच सांगितलें आहे: त्यांत मुख्य नायकानें यावयाचें नाहीं, बोलणें थोडक्यांत उरकावयाचें, आणि भाषा संस्कृत न ठेवतां प्राकृत ठेवावयाची. मधली जागा लोकभाषेची, हें शास्त्रकारांनींच लिहून ठेविलें आहे. त्या पात्रांस त्यांनीं दिलेलें ‘नीच’ हें विशेषण मात्र आज आम्हांस रुचत नाहीं.

आतां खेळाच्या मैदानाकडे येऊं. महाराष्ट्रांत फुटबॉलचें वेड पाहावयाचें असेल तर कोल्हापुरास जावें. तेथील संघांचीं नांवेंच पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. कुस्तीच्या आखाड्यांतून निघालेले पाय चेंडूकडे वळले, आणि येतांना आखाड्याचें संगीतहि बरोबर घेऊन आले. शाहू महाराजांनीं बांधविलेलें खासबागेचें मैदान १९१२ सालीं सुरू झालें. त्या मैदानावर जी हलगी कडाडत आली, तीच शाहू स्टेडियममध्यें पेठेच्या पाठीराख्यांबरोबर येऊन बसते. तिला कोणीं निवडलें? कोणीहि नाहीं. तिच्यावांचून खेळ सुरू होत नाहीं, म्हणून ती असते.

हलगी वाजविणें ही सोपी गोष्ट आहे, असा आपल्या पांढरपेशा वर्गांत समज आहे. लांकडी अथवा धातूच्या कड्यावर ताणलेलें तें बकऱ्याचें कातडें. दमट हवेंत तें सैल पडतें, म्हणून वाजविण्यापूर्वीं विस्तवावर शेकून स्वरांत आणावें लागतें. दोन काठ्या, एक जाड व एक बारीक. दोहोंचें काम निराळें. जोड तुल्यबळ असली व दोघे मल्ल नुसते हात चाचपीत असले, तर ठेका संथ असतो. एकानें पट काढला कीं लय चढते. कुस्ती निकालावर आली कीं काठ्या दिसत नाहींत, नुसता कडकडाट ऐकूं येतो. वाजविणाऱ्याचे डोळे वाद्यावर नसतात, मल्लांच्या पायांवर असतात. तबल्याच्या साथीस आपण जी दाद देतों ती याच गुणास देतों, कीं साथीदारानें गायकाचा मनोदय ओळखावा. मग ही दाद आखाड्याच्या कडेस पोंचत नाहीं तें कां? कारण उघड आहे, आणि तें लपविण्यांत अर्थ नाहीं. ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या मुख्यत्वें मातंग बांधवांच्या घरांत राहिली, आणि ज्यांनीं ती ऐकिली त्यांनीं तिला विद्या म्हटलें नाहीं.

आमच्या हिंगोलीचा दसरा दीडशें वर्षांहून अधिक काळ चालत आलेला आहे. रामलीला, प्रदर्शन, खेळांचे सामने, कुस्त्यांची दंगल, असा तो मोठा पसारा असतो. शेजारच्या जिल्ह्यांतून माणसें येतात. जिल्ह्यांतील इतर जत्रांतूनहि कुस्त्या होतात, शाळांचे कबड्डीचे व फुटबॉलचे सामने होतात. अशा प्रसंगीं नेमलेल्या मंडळांवर आपल्यांपैकीं, म्हणजे हें मासिक घेणाऱ्या घरांपैकीं, कोणी ना कोणी असतोच. पत्रक शुद्ध लिहून द्यावयास तरी त्यास बोलावितात. म्हणून हें येथें लिहीत आहों. मंडळाच्या बैठकींत मध्यंतराचा विषय निघाला कीं काय होतें? एक गृहस्थ म्हणतात, चित्रपटगीतांचा वाद्यवृंद आणूं. दुसरे म्हणतात, त्यापेक्षां ध्वनिवर्धकांची भिंत उभी करूं, खर्च कमी. वर्गणी देणाऱ्या बड्या असामीचा पुतण्या गातो, असें तिसरे सुचवितात, आणि बहुधा तोच गातो. हलगीवाल्याचा विषय बैठकींत निघत नाहीं. तो येईलच, हें गृहीत असतें. आणि तो येतोहि. जातांना कोणी हातावर कांहीं ठेवतें, तें किती ठेवावें हें ठरलेलें नसतें.

मध्यंतरास गाणाऱ्या मोठ्या गायकास अमेरिकेंत बिदागी मिळत नाहीं, फक्त कार्यक्रमाचा खर्च चालक सोसतात, ही गोष्ट आतां वर्तमानपत्रांतून सर्वत्र झाली आहे; आणि एका मंडळाच्या सभासदानें तीच आमच्यापुढें दाखला म्हणून ठेविली. ‘तिकडे जगप्रसिद्ध गायक फुकट गातात, मग आमच्या वाजंत्र्यांस काय झालें?’ दाखला बरोबर आहे, लागू नाहीं. त्या गायकाचें गाणें दुसऱ्या दिवसापासून कैक पटींनीं ऐकिलें व विकलें जातें. बारा मिनिटांचें मानधन त्यास जग देतें. हलगीवाल्यास दुसऱ्या दिवशीं काय मिळतें? खांदे दुखतात तेवढें.

नामदेवरायांच्या नरसीच्या वाटेनें जाणाऱ्यांस आमच्याच जिल्ह्यांतील औंढ्याची कथा सांगावयास नको. देवळापुढें चाललेलें नामदेवांचें कीर्तन पुजाऱ्यांस अडचणीचें झालें. त्यांनीं त्यांस देवळाच्या पाठीमागें जाऊन गावयास सांगितलें. ते निमूटपणें गेले, आणि देऊळच फिरलें. नंदी आजहि पाठीमागें आहे, आणि भाविक त्याकडे बोट दाखवून ही कथा सांगतात. गाणारा कोठें उभा राहावा याचा निर्णय पुजाऱ्यांच्या मंडळानें दिला, आणि तो देवानेंच फिरविला, असा तिचा अर्थ आमच्या लहानपणापासून केला जातो. याच नामदेवांचीं ६१ पदें शिखांच्या ग्रंथसाहिबांत आहेत. पंजाबांत त्यांस कोणी ‘तुझी भाषा कोणती’ म्हणून दारांत अडविलें नाहीं. सांता क्लाराच्या गदारोळाची हकीकत वाचतांना आम्हांस औंढ्याच्या त्या नंदीची आठवण वारंवार होत होती.

आमच्या मतें मंडळानें गाणारा निवडण्यापूर्वीं खेळाडूंच्या नायकास बोलावून विचारावें, तुम्हांस विश्रांति किती हवी. आणि तेवढ्याच मापाचें गाणें घ्यावें. शाळेच्या सामन्यांत गाणारा शाळेंतलाच असावा. लेझमीचें पथक असेल तर दुसरें कांहीं शोधूं नये. वर्गणीदाराचा पुतण्या खरोखर गात असेल तर त्यासहि हरकत नाहीं, मात्र त्यानें एकच गाणें म्हणावें. आणि हलगीवाल्यास आधीं विचारावें, किती घेशील. ठरेल तें इतिवृत्तांत लिहावें. कुस्तीच्या इनामाची रक्कम आपण रुपयापर्यंत छापतों. पत्रकावर मल्लांचीं नांवें असतात, पंचांचीं असतात, देणगीदारांचीं तर ठळक टाइपांत असतात, तळाशीं मंडपवाल्याचें व छापखान्याचेंहि असतें. मंडपवाल्याच्या वर एक ओळ सहज बसते. आम्हीं पट्टीनें मोजून पाहिली आहे.