पाच वर्षांची विद्या आणि मधले दार



बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : मुलगा डॉक्टर होणार की इंजिनियर? दोन्ही साधले नाही, तर भरतीची वाट धरली जाते. प्रश्न वावगा नाही. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या उद्याच्या भाकरीची शाश्वती नव्हती, त्या घराने विद्येकडे प्रथम पोटाच्या दृष्टीने पाहावे, यात लाजिरवाणे काही नाही. परंतु या दोन वाटांखेरीज तिसरी एक वाट गेल्या काही वर्षांत खुली झाली आहे, आणि तिची वार्ता आपल्या वस्त्यांत अजून पुरती पोहोचलेली दिसत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही वाट म्हणजे विज्ञानाची आंतरविद्याशाखीय पदवी. पुणे येथे २००६ साली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे लोक जिला 'आयसर' म्हणतात ती, स्थापन झाली. आज देशात अशा सात संस्था आहेत. तेथील पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात आरंभीच्या काळात विद्यार्थ्याला जीवशास्त्र, रसायन, पदार्थविज्ञान व गणित ही सारी शास्त्रे शिकावी लागतात. आपला विषय तो मागाहून निवडतो. मुंबईत कालिना येथे मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभाग यांनी मिळून २००७ साली काढलेल्या केंद्रातही पाच वर्षांचा असाच अभ्यासक्रम आहे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०११ पासून चार वर्षांची पदवी सुरू केली.

'चारही शास्त्रे शिकून करावयाचे काय?' असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मी आपल्याच घरातून देतो. विदर्भातील आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजात सिकलसेलचा आजार किती घरांत ठाण मांडून बसला आहे, हे तेथील वाचकांस सांगावयास नको. लेकराचे सांधे रात्रभर ठणकतात आणि आजी म्हणते, मागच्या जन्मीचे काहीतरी असेल. हे मागल्या जन्मीचे नव्हे, हे कोणी शोधून काढले? १९४९ साली लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, रोग्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात निराळ्या गतीने सरकते. पुढे व्हर्नन इंग्रम याने, केंब्रिजमधील पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत बसून, तो फरक हिमोग्लोबिनच्या एका लहानशा तुकड्यात असल्याचे दाखविले. त्याचा तो निबंध १९५६ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात नागपुरास आपण बाबासाहेबांसमवेत दीक्षा घेत होतो. दुसऱ्याच वर्षी कळले की साखळीतील एकच दुवा बदललेला असतो. दरम्यान १९५४ साली ॲलिसन या वैद्याने आफ्रिकेत पाहणी करून दाखविले की, या दोषाचा वाहक असणारास हिवतापापासून काहीसे संरक्षण लाभते. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशात हा दोष टिकून राहिला. आणि आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो, हे गणित आहे. विवाह ठरविण्यापूर्वी दोन्ही घरांनी रक्त तपासून घेण्याचा आग्रह याच गणितावर उभा आहे.

आता सांगा, हा रोग कोणत्या शास्त्राचा? केवळ वैद्याच्या हातून तो उकलला नसता आणि केवळ रसायनज्ञाच्याही नाही. ज्या व्यवस्थेने माणसांचे वाडे वेगळे पाडले, तिनेच एकाची विद्या दुसऱ्यास अस्पृश्य ठरविली. कातडे कमावणाऱ्याच्या हातातील रसायन शास्त्र म्हणून कधी मोजले गेले नाही. विद्येतील भिंती आपल्या मुलांनी ओलांडाव्यात, त्या आपल्यासाठी कधीच बांधल्या नव्हत्या. परमपूज्य बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. पण त्याबरोबर इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ घेतले. जातीच्या उगमाची त्यांची मीमांसा १९१६ साली मानववंशशास्त्राच्या वर्गात वाचली गेली, अर्थशास्त्राच्या नव्हे.

परंतु या विद्येला वेळ लागतो, आणि वेळ हीच गरिबाची सर्वांत महाग वस्तू होय. येथे एका धोक्याची सूचना देणे अगत्याचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार विद्यापीठांच्या चार वर्षांच्या पदवीला मधली दारे ठेवली आहेत : एका वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दोहोंनंतर पदविका, तिहींनंतर पदवी. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांत परतावे आणि सात वर्षांच्या आत अभ्यासक्रम पुरा करावा, अशी तरतूद आहे. आजारी विद्यार्थ्यास किंवा बाळंतपण आलेल्या विद्यार्थिनीस हे दार उपकारक आहे, हे मान्य. पण शिष्यवृत्ती रखडली, खानावळीचे बिल थकले, थोरल्या बहिणीचे लग्न निघाले, म्हणून त्या दाराने कोण बाहेर पडणार? कारखानदाराचा मुलगा नव्हे. तो चार वर्षे बसेल, आणि आपला मुलगा वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन गावी येईल. वर शासन म्हणेल की त्याने ते स्वेच्छेने केले! सबब, लग्नाचा खर्च निम्म्यावर आणा, वर्षभर पुढे ढकला, पण शिकणारे मूल मधून उठवू नका. आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी यासाठी एकेकट्याने खेटे घालण्यापेक्षा विहाराच्या वतीने एकत्रित अर्ज करा. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी महाराष्ट्रात स्वाधार योजना आहे, तिचीही विचारपूस करावी.

राहिला कागदपत्रांचा विषय. केंद्रीय शिक्षणसंस्थांत २००६ च्या कायद्याने अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव आहेत. नुकतीच दीक्षा घेतलेली अनेक कुटुंबे मला विचारतात, धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले तर मुलाची सवलत जाईल काय? ही भीती १९९० पूर्वी केंद्राच्या बाबतीत खरी होती. त्या वर्षी संसदेने १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश दुरुस्त केला, आणि तेव्हापासून मूळ जात अनुसूचीत असलेल्या बौद्धास पूर्ण हक्क आहे. मूळ जात अनुसूचीत नसेल तर दीक्षेने तो हक्क नव्याने मिळत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र मूळ जात सिद्ध करण्याचा भार महाराष्ट्राच्या २००० च्या कायद्याप्रमाणे अर्जदारावर आहे. ज्या नावाचा आपण त्याग केला, त्याच नावाचा आजोबांच्या शाळेचा दाखला जपून ठेवावा लागतो, ही विटंबनाच आहे. पण तो जपा, विशेषतः १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा असेल तर. राज्याचा दाखला केंद्राच्या प्रवेशास चालेलच असे नाही. केंद्राच्या नमुन्यातील, बौद्ध धर्मांतरिताचा उल्लेख असलेला दाखला वेगळा मागून घ्या आणि ही खटपट अकरावीतच सुरू करा. त्याच वेळी मुलाने गणित वा जीवशास्त्र यांपैकी काही सोडले नाही ना, तेही पाहा, कारण आयसरच्या प्रवेश परीक्षेत चारही शास्त्रांवर प्रश्न येतात. अर्ज भरताना धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असे स्वच्छ अक्षरात लिहावे.