पाणी शिरलेले इंजिन आणि घाईची किंमत

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील दोघा चालक-मालकांचे दोन मालट्रक एकाच वखारीच्या आवारात शेजारी-शेजारी उभे होते. दोन्ही गाड्या बॉनेटपर्यंत बुडाल्या. पाणी ओसरताच पहिल्या मालकाने बॅटरी बदलून सेल्फ मारला. एकच दणका ऐकू आला आणि इंजिन जागच्या जागी अडकले. दुसऱ्याने किल्लीला हात न लावता मिस्त्रीची वाट पाहिली. त्याचा ट्रक आठवड्याच्या आत रस्त्यावर आला. पहिल्याचे इंजिन पुरते खोलावे लागले, दोन कनेक्टिंग रॉड वाकलेले निघाले आणि गाडी तीन महिने गॅरेजमध्ये पडून राहिली. गाड्या सारख्या, पूर एकच, नुकसान मात्र इतके वेगळे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला असा प्रयोग विकत घेऊनही मिळत नाही. म्हणूनच त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर जाताना हवा इतकी दाबतो की ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेट घेते. सुमारे सहा लिटर क्षमतेच्या सहा सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरचा वाटा साधारण एक लिटरचा. दाबाचे प्रमाण १७.५ धरले, तर पिस्टन अगदी वर आल्यावर शिल्लक राहणारी जागा सुमारे ६० मिलिलिटर भरते. म्हणजे कटिंग चहाइतके पाणीही इंजिन अडविण्यास पुरेसे आहे. कारण हवा दबते, पाणी दबत नाही. इंजिन बंद पडते तेव्हा कोणत्या ना कोणत्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असतोच, आणि एअर फिल्टरच्या किंवा सायलेन्सरच्या वाटेने पाणी तेथवर पोहोचते. अशा वेळी सेल्फ मारला की फिरत्या फ्लायव्हीलचा सारा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड वाकतो, प्रसंगी मोडून ब्लॉक फोडतो.

जाणता मिस्त्री काय करतो? तो प्रथम बॅटरीची वायर सोडवतो. एअर फिल्टर आणि हवेचा पाइप उघडून पाणी कोठवर गेले ते पाहतो. डिपस्टिक काढून तेल पाहतो. ते दुधाळ झाले असेल तर चेंबरमध्येही पाणी आहे हे उघड होते. मग सर्व नोझल काढून तो इंजिन हाताने, पान्याने, सावकाश फिरवतो. नोझलच्या भोकांतून पाणी बाहेर पडते. लायनर आणि रिंगा गंजू नयेत म्हणून तो सिलिंडरांत थोडे तेल सोडतो. चेंबर रिकामा करून तेल व फिल्टर बदलतो, डिझेलची टाकी धुतो, पाइपांतील हवा काढतो. गिअरबॉक्स, क्राउन आणि चाकांच्या हबमधील ग्रीसही तो पाहिल्याशिवाय राहत नाही. एखादा पिस्टन इतरांपेक्षा कमी उंचीवर थांबत असेल तर तेथील रॉड वाकला आहे, हे त्याला मोजमापावरून कळते. इंजिन सुरू झाल्यावर थोडा वेळ चालवून तो तेल पुन्हा एकदा बदलतो. या कामात खर्च मुख्यतः तेलाचा, फिल्टरांचा आणि मजुरीचा. इंजिन वाचते ते मिस्त्रीच्या ज्ञानामुळे आणि त्याला मिळालेल्या वेळेमुळे.

परंतु हा वेळही अमर्याद नसतो. ओले लायनर एक-दोन दिवसांतच गंजू लागतात. म्हणजे गाडी सुरू करायची नाही आणि तशीच सोडूनही द्यायची नाही. पूर ओसरल्यावर एकाच शहरात शेकडो वाहने खोळंबलेली असतात, मिस्त्री मोजके असतात आणि त्यांची स्वतःची गॅरेजेही चिखलात गेलेली असतात. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांत तर संगणकीय नियंत्रण, सेन्सर आणि अतिउच्च दाबाचा डिझेल पंप असतो. रस्त्याकडेच्या मिस्त्रीजवळ त्याची तपासणी-यंत्रे सहसा नसतात, आणि कंपनीच्या कार्यशाळेचा दर लहान मालकाला परवडत नाही.

मग पहिल्या मालकाने घाई का केली? त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण वीस वर्षे ट्रक चालविणाऱ्या माणसाला इंजिनातल्या पाण्याचा धोका ठाऊक नसतो, असे मानणे हेच अज्ञान होय. त्याच्या डोळ्यांपुढे ५ तारखेचा हप्ता होता. घरात पाणी शिरून धान्य भिजले होते. दुसऱ्याच्या घरी शिक्षिकेचा पगार येत होता, म्हणून त्याला थांबणे शक्य झाले. आपल्या देशातील मालवाहतुकीचा मोठा भाग एक-दोन गाड्यांच्या अशा लहान मालकांच्या खांद्यावर उभा आहे. कागदावर तो मालक असतो. वस्तुतः तो वित्तसंस्थेच्या यंत्रावर राबणारा कामगार असतो, आणि यंत्र बिघडल्याचा भुर्दंड मात्र त्यालाच भरावा लागतो.

विम्याचा आधार असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. कायद्याने सक्तीचा असलेला विमा तिसऱ्या पक्षासाठी आहे; त्यातून स्वतःच्या ट्रकसाठी छदामही मिळत नाही. पहिल्या मालकाने पदरमोड करून गाडीच्या नुकसानीचाही विमा उतरविला होता. तथापि करारात ‘परिणामी नुकसान’ वगळलेले होते. पुराने गाडी भिजली ही आपत्ती, पण सेल्फ मारल्याने रॉड वाकला हा परिणाम, असा अर्थ लावून कंपनीने इंजिनाचा दावा फेटाळला. ग्राहक आयोगांपुढे असे वाद वारंवार गेले आहेत. पण हप्ता थकलेल्या माणसाने किती तारखा सोसाव्यात?

शासनाच्या पंचनाम्यातही त्याला जागा नाही. आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत घर, पीक, जनावर, मच्छीमाराची होडी आणि जाळे, कारागिराची हत्यारे यांचा विचार केलेला आहे, आणि तो योग्यच आहे. मग ज्याच्या कुटुंबाचे पोट एका ट्रकवर चालते, त्याचा ट्रक हे त्याचे हत्यार का मानू नये? दहा ट्रकांच्या मालकाला मदत द्या असे कोणी म्हणत नाही; एका गाडीचा चालक-मालक ओळखणे परिवहन खात्याच्या नोंदींवरून अवघड नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुरामुळे कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला आणि भरलेल्या ट्रकांच्या रांगा लागल्या. त्यानंतर दोनच वर्षांत चिपळूण बुडाले. पुढचा पूर येणार हे गृहीत धरूनच मागण्या मांडल्या पाहिजेत. पूरग्रस्त तालुक्यातील चालक-मालकांचे हप्ते तीन महिने बिनव्याजी लांबणीवर टाकावेत. २०२० साली मार्च ते ऑगस्ट या काळात रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती, तेव्हा हे अशक्य नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षक व विद्यार्थी आणि एस.टी.च्या आगारांतील यांत्रिकी कामगार यांची पथके पूर ओसरताच पाठवावीत. विम्याच्या करारात पुराच्या पाण्याने झालेले इंजिनाचे नुकसान स्पष्ट शब्दांत समाविष्ट करावे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर पूरग्रस्त भागात मदतीसाठी जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी धान्य आणि कपड्यांबरोबर एक निरोप अवश्य न्यावा: बुडालेल्या गाडीला सेल्फ मारू नका, बॅटरी सोडवा, मिस्त्रीला बोलवा. आणि आजूबाजूच्या गावांतील मिस्त्री गोळा करून पहिल्या दोन दिवसांत तेथे पोहोचवावेत. मात्र निरोप देऊन थांबू नये. ज्याला आपण थांबायला सांगतो, त्याच्या घरची चूल त्या दिवसांत कशी पेटणार, हा प्रश्नही आपणच विचारला पाहिजे.