परिचर्या शिक्षणाची खरी चाळणी

बी. एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी राज्यात आता स्वतंत्र सामाईक परीक्षा घेतली जाते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्येचा कल या पाच विषयांवर ती बेतलेली आहे. परीक्षा आली की पाठोपाठ शिकवणी वर्ग येतात, हा बाजाराचा नियमच होय. त्यापायी कर्ज काढणारे पालक दिसले तर त्यात नवल नाही. नवल याचेच, की एवढा खटाटोप ज्या चाळणीसाठी होतो, ती खरी चाळणी नव्हेच.

खरी चाळणी प्रवेशानंतर लागते. सुधारित अभ्यासक्रमाने चार वर्षांची आठ सत्रे केली. पहिल्याच सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वे. जोडीला वॉर्डातील काम. क्रमिक पुस्तके इंग्रजी. तीन वर्षांच्या जी. एन. एम. पदविकेची वाट आणखी बिकट. तिला कला शाखेची मुलगीही पात्र ठरते; इंग्रजीत ४० टक्के गुण मात्र हवेत. हे दार खुले ठेवले ते योग्यच झाले. परंतु जिची जीवशास्त्राशी दहावीतच फारकत झाली, तिच्या हाती शरीररचनेचा जाडजूड ग्रंथ देऊन मोकळे होणे, याला संधी म्हणता येणार नाही.

सलाइनचेच गणित घ्यावे. ५०० मिलिलिटर द्रव ८ तासांत द्यावयाचा आहे आणि नळीतून मिलिलिटरला २० थेंब पडतात; म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब. यात त्रैराशिकापलीकडे काही नाही. पण ते रात्रपाळीत, चार रुग्णांच्या हाका ऐकत, बिनचूक करावयाचे असते. आणि या अंकगणिताला प्रवेश परीक्षेत स्वतंत्र स्थान नाही!

पहिल्या वर्षी मुलीने शिक्षण सोडले, तर ती जागा पुढची तीन वर्षे बहुधा रिकामीच राहते. तीवरील खर्च सरकारचा असो वा पालकांचा, तो वाया जातो; कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. त्यापेक्षा सहा आठवड्यांचा पूर्वतयारी वर्ग स्वस्त पडेल. त्यात वैद्यकीय इंग्रजी, औषधमात्रेचे गणित आणि शरीरशास्त्राची तोंडओळख मराठीतून समजावून द्यावी. बारावीचा निकाल आणि प्रवेशफेऱ्यांचा शेवट यांमध्ये तेवढा काळ बहुधा नुसता वाट पाहण्यात जातो. शासकीय परिचर्या महाविद्यालयांना हे सहज जमेल. पाठ्यनिर्देशिकांची पदे तेवढी भरलेली हवीत.