अस्त्र आवरण्याची विद्या

शस्त्रांना पौराणिक नावे देण्याची हौस आपल्याकडे बरीच आहे. नागपूरच्या कारखान्यातून २०२४ साली लष्कराकडे गेलेले स्फोटक ड्रोन ते 'नागास्त्र'. शत्रूच्या ड्रोनांचे थवे पाडण्यासाठी त्याच उद्योगाने घडविलेले, मे २०२५ मध्ये गोपालपूरला चाचणी झालेले ते 'भार्गवास्त्र'. नावे घेतली, ठीक झाले. पण ती ज्या ग्रंथातली, त्याचे सौप्तिकपर्व कोणी वाचले आहे काय? अश्वत्थामा आणि अर्जुन, दोघांनीही अस्त्र सोडले. अर्जुनाला ते परत घेता आले. अश्वत्थाम्याला आले नाही, आणि त्याने ते उत्तरेच्या गर्भावर लोटले. योद्धा आणि घातकी यांतला भेद एवढाच.

मी नावड्याचा एक मास्तर, शिक्षण मॅट्रिक. युद्धशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु आमच्याच नव्या मुंबईत, महाप्याला, ज्यांची कचेरी आहे त्यांची टेहळणीची ड्रोने सैन्यात जातात; तेव्हा हा प्रश्न दिल्लीचा म्हणून हात झटकता येत नाहीत. टेहळणीला माझा विरोध नाही. पाहणे वेगळे, मारणे वेगळे.

१५ जानेवारी २०२१ रोजी सेनादिनी दिल्लीत ७५ ड्रोनांच्या थव्याने लुटुपुटीच्या लक्ष्यांवर हल्ला करून दाखविला. थव्यातली यंत्रे आपापसांत रेडिओने निरोप देतात, कामे वाटून घेतात. एक पडले तर दुसरे त्याची जागा घेते. जाणकार सांगतात, 'भिऊ नका, हे अर्धस्वायत्त आहे. शेवटचा हुकूम माणसाचाच!' वाचकहो, पाऊणशे यंत्रे एकाच वेळी लक्ष्य शोधीत असता एक माणूस किती वेळा विचार करणार? तो एकदाच 'हो' म्हणेल. याला हुकूम म्हणावे की कोऱ्या कागदावरचा अंगठा? शिवाय शत्रू आधी रेडिओच बंद पाडतो. दोर तुटल्यावर यंत्राने काय करावे? परतावे, तर डाव गेला. स्वतः ठरवावे, तर माणूस गेला. लढाईच्या धांदलीत यातले काय निवडले जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

'मग शत्रूने थवे सोडले तर आम्ही हरिनाम घ्यायचे?' असे विचारले जाईल. मे २०२५ मधल्या त्या रात्री कोणी विसरलेले नाही. शत्रूच्या ड्रोनवर यंत्राने खुशाल मारा करावा. लोखंडाने लोखंड फोडले तर कोणी विधवा होत नाही. माणसावरचा घाव मात्र नाव सांगता येईल अशा अधिकाऱ्याच्या हुकमानेच पडावा, आणि दोर तुटलेले अस्त्र निकामी व्हावे. नागास्त्र माघारी बोलावून पॅराशूटने उतरविता येते, असे त्याचे कर्तेच अभिमानाने सांगतात. म्हणजे विद्या आहे. तिची सक्ती नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये अशा शस्त्रांविषयीचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५२ मतांनी संमत झाला. विरुद्ध ४ मते पडली. त्यांतले एक भारताचे! म्हणे, हा विषय जिनिव्हातच चालावा. जिनिव्हातल्या बैठका २०१४ पासून चालूच आहेत. बंधनकारक करार मात्र झालेला नाही. नावे महाभारतातली घ्यायची आणि अस्त्र आवरण्याचे बंधन तेवढे नको, हा न्याय अश्वत्थाम्याचा झाला. संसदेत आपण पाठविलेल्या माणसाला हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. तो वापरा.