घरबसल्या इंग्रजी : नेहमी, अक्सर, कधीमधी



गेल्या महिन्यात आपण इंग्रजीतला साधा वर्तमानकाळ पाहिला. 'आय ड्रिंक टी', 'शी गोज टू स्कूल' अशी रोजच्या कामांची वाक्यं आता जमू लागली असतील. पण या वाक्यांत एक गोष्ट राहून जाते. चहा पितो खरा, पण रोज पितो की पाहुणे आले तरच? मुलगी शाळेत जाते, पण एकही दिवस न चुकवता की अधूनमधून दांडी मारून? काम किती वेळा होतं, हे सांगणारे पाच-सहा शब्द आज शिकायचे आहेत. शब्द लहान आहेत, पण वाक्य खरं ठरतं की खोटं, ते पुष्कळदा त्यांच्यावरच ठरतं.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्यांची एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. त्यामुळे आज बऱ्याच घरांत मुलं इंग्रजीत आईच्या पुढे असतात. हे सदर त्या आयांसाठीही आहे. मुलांच्या वहीत डोकावताना संकोच वाटायला नको.

मराठी व्याकरणात आपण कालवाचक क्रियाविशेषणं शिकलो होतो. त्यात 'नेहमी', 'सदा' हे सातत्य दाखवणारे आणि 'वारंवार', 'पुन्हा पुन्हा' हे आवृत्ती दाखवणारे. आजचे इंग्रजी शब्द याच कुळातले. म्हणजे कल्पना आपल्याला नवी नाही, फक्त शब्द आणि त्यांची जागा नवी आहे.

शब्दांची पातळी

गोदावरीला पूर आला की नाशिककर आकडे विचारत नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला आलं, गळ्याशी पोचलं, असं म्हटलं की गावाला पुराचा अंदाज येतो. आजच्या सहा शब्दांची मापंही अशीच पातळीची आहेत. वरून खाली उतरू या.

'ऑलवेज' म्हणजे नेहमी, हमेशा. एकदाही चूक नाही.
'यूज्वली' म्हणजे बहुतेक वेळा, आमतौर पर. सातातले पाच-सहा दिवस.
'ऑफन' म्हणजे वरचेवर, अक्सर.
'समटाइम्स' म्हणजे कधी कधी.
'रेअरली' म्हणजे क्वचित, सठीसामाशी, कभीकभार.
'नेव्हर' म्हणजे कधीच नाही.

आता आपल्याच भागातली वाक्यं घेऊ. 'इट ऑफन रेन्स इन इगतपुरी इन जुलै.' जुलैत इगतपुरीला वरचेवर पाऊस पडतो. 'द गोदावरी समटाइम्स फ्लड्स इन ऑगस्ट.' ऑगस्टमध्ये गोदावरीला कधी कधी पूर येतो. 'इट रेअरली रेन्स इन नाशिक इन फेब्रुवारी.' फेब्रुवारीत नाशिकला क्वचितच पाऊस पडतो, आणि पडला तर द्राक्षबागायतदाराची झोप उडते.

या शब्दांना पक्का आकडा नसतो, हेही लक्षात असू द्या. महिन्यातून दोनदा मुंबईला जाणारा माणूस 'ऑफन' जातो. महिन्यातून दोनदाच चहा पिणारा मात्र 'रेअरली' पितो. काम कोणतं आहे, त्यावर शब्दाचं माप ठरतं.

जागा कुठली?

मराठीत 'मी नेहमी लवकर उठते', 'नेहमी मी लवकर उठते', 'लवकर उठते मी नेहमी' हे सगळं चालतं. इंग्रजी इतकी सैल नाही. दोन नियम पाठ करा.

पहिला : साध्या क्रियापदाच्या आधी हा शब्द येतो. 'आय ऑलवेज वेक अप अर्ली.' 'वी यूज्वली ईट टुगेदर.'

दुसरा : 'अ‍ॅम, इज, आर' असतील तर त्यांच्या नंतर येतो. 'आय अ‍ॅम ऑलवेज बिझी.' 'शी इज नेव्हर लेट.'

लक्षात ठेवायची सोपी युक्ती अशी. 'अ‍ॅम, इज, आर' ही घरातली वडीलधारी मंडळी समजा. दस्तरखानावर आधी ती बसतात, हे छोटे शब्द त्यांच्यानंतर. बाकीच्या क्रियापदांना तो मान नाही, त्यांच्या आधी हे शब्द खुशाल बसतात. 'कॅन' आणि 'विल' हेही वडीलधाऱ्यांतच धरा : 'आय विल ऑलवेज हेल्प यू.'

'समटाइम्स' आणि 'यूज्वली' वाक्याच्या सुरुवातीलाही चालतात : 'समटाइम्स आय कुक बिर्याणी.' 'ऑलवेज' आणि 'नेव्हर' मात्र सुरुवातीला ठेवू नका.

अजून एक. आपण आदराने 'अब्बा उशिरा येतात' म्हणतो, म्हणून इंग्रजीतही 'अब्बा कम लेट' असं तोंडात येतं. इंग्रजी क्रियापदात आदराचं रूप नाही. अब्बा एक आहेत, म्हणून 'अब्बा यूज्वली कम्स लेट.' मध्ये 'यूज्वली' आला तरी 'कम्स'चा 'स' गळू देऊ नका.

चार खड्डे

पहिला खड्डा 'नेव्हर'चा. मराठीत 'कधीच' म्हटलं की 'नाही' लागतंच. उर्दूतही 'कभी नहीं'. त्या सवयीने 'आय नेव्हर डोन्ट ईट पान' असं वाक्य होतं. पण 'नेव्हर'च्या पोटात 'नाही' आधीच आहे. दुसरा 'डोन्ट' घातला की अर्थ उलटतो : पान खाल्ल्याशिवाय मी कधी राहतच नाही! बरोबर वाक्य एवढंच : 'आय नेव्हर ईट पान.'

दुसरा खड्डा 'बहुतेक'चा. 'अब्बा बहुतेक उशिरा येतील' हा आजचा अंदाज आहे. तिथे 'यूज्वली' चालत नाही, 'प्रॉबेबली' लागतो : 'अब्बा विल प्रॉबेबली कम लेट.' 'बहुतेक वेळा' अशी सवय सांगायची असेल तरच 'यूज्वली'.

तिसरा 'कधी'चा. 'तू कधी येतोस?' यातला 'कधी' म्हणजे 'व्हेन'. 'तू कधी उशिरा येतोस का?' यातला 'कधी' म्हणजे 'एव्हर' : 'डू यू एव्हर कम लेट?' सातपूर-अंबडच्या कारखान्यातल्या किंवा आखाती देशांतल्या नोकरीच्या मुलाखतीत असा प्रश्न येऊ शकतो. त्याला दिवस-वेळ सांगत बसायचं नसतं. 'नो, नेव्हर' म्हणा. पण कधीतरी बस चुकतेच, तर 'आय अ‍ॅम रेअरली लेट' म्हणा. खरं सांगायला हा शब्द पुरेसा आहे, आणि ऐकणाऱ्यालाही तो खरा वाटतो.

चौथा खड्डा सर्वांत खोल. 'दादी नेहमी गोळी घेत नाहीत.' या मराठी वाक्याचे दोन अर्थ निघतात. एक, कधी घेतात, कधी चुकवतात. दोन, अजिबातच घेत नाहीत. इंग्रजीत दोन्हींसाठी वेगळी वाक्यं आहेत. 'दादी डझन्ट ऑलवेज टेक हर टॅब्लेट' म्हणजे कधीमधी चुकते. 'दादी नेव्हर टेक्स हर टॅब्लेट' म्हणजे एकदाही घेत नाहीत. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णासाठी हा फरक लहान नाही. गोळी घेऊनही साखर वाढते, की गोळीच पोटात जात नाही, हे कळल्याशिवाय डॉक्टर गोळी बदलायची की नाही हे कसं ठरवणार? मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात किंवा परदेशात मुलाकडे गेल्यावर हे इंग्रजीतच सांगायची वेळ येते. आरोग्याच्या फॉर्मवर तर 'ऑलवेज, ऑफन, समटाइम्स, रेअरली, नेव्हर' अशा चौकटी ओळीने छापलेल्या असतात. त्यात खूण कुठे करायची, हे आजच्या धड्याने कळायला हवं.

'हाऊ ऑफन?'

या शब्दांचा प्रश्न एकच : 'हाऊ ऑफन?' म्हणजे किती वेळा, किती दिवसांनी? उत्तर आकड्यातही देता येतं, आणि असं उत्तर वाक्याच्या शेवटी जातं. 'वन्स अ डे' म्हणजे दिवसातून एकदा. 'ट्वाइस अ डे' म्हणजे दोनदा. तीनपासून पुढे 'थ्री टाइम्स अ वीक' असं. 'आय व्हिजिट माय मदर वन्स अ मंथ.'

औषधाच्या कागदावरचे हे शब्द घरातल्या प्रत्येकाला वाचता यायला हवेत. 'वन्स अ डे' आणि 'वन्स अ वीक' दिसायला जुळे भाऊ, पण एक रोजचा आणि एक आठवड्याचा. ड जीवनसत्त्वाची काही औषधं आठवड्यातून एकदाच घ्यायची असतात. ती रोज घेतली तर औषधच त्रासाचं कारण होतं. इंग्रजी पुस्तकात राहिलं तर परीक्षेपुरतं, औषधाच्या कागदावर वाचता आलं तर घराला उपयोगाचं.

घरातली भाषा

'ऑलवेज' आणि 'नेव्हर' ही दोन टोकं भांडणात फार वापरली जातात. 'यू नेव्हर लिसन.' 'यू आर ऑलवेज शाउटिंग.' दुसऱ्या वाक्यात 'ऑलवेज' बरोबर 'शाउटिंग' आलं की सूर तक्रारीचा होतो : तू सारखा ओरडतच असतोस. व्याकरण चोख आहे, पण वाक्य खरं आहे का? मुलगा कधीच ऐकत नाही, असं घर क्वचितच असेल. 'समटाइम्स यू डोन्ट लिसन' म्हटलं तर त्याला उत्तर द्यायला जागा उरते. मराठीत असो, उर्दूत असो की इंग्रजीत, आपल्या माणसाबद्दल बोलताना शब्द मापून वापरलेला बरा.

या महिन्याचा अभ्यास

रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकाने स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगावीत : एक 'ऑलवेज'चं, एक 'समटाइम्स'चं, एक 'नेव्हर'चं. वाक्य खरं आहे का, ते बाकीच्यांनी ठरवावं. दादींनाही सोडू नका.

खालची वाक्यं इंग्रजीत करा.

1. आम्ही रमजानमध्ये नेहमी लवकर उठतो.
2. माझी बहीण कधीच उशिरा येत नाही.
3. भाईजान वरचेवर मुंबईला जातात.
4. मी शुक्रवारी बहुतेक वेळा घरी असते.
5. तुम्ही कधी चहा पिता का?

उत्तरं : 1. 'वी ऑलवेज वेक अप अर्ली इन रमजान.' 2. 'माय सिस्टर नेव्हर कम्स लेट.' 3. 'भाईजान ऑफन गोज टू मुंबई.' 4. 'आय अ‍ॅम यूज्वली अ‍ॅट होम ऑन फ्रायडे.' 5. 'डू यू एव्हर ड्रिंक टी?'

तिसऱ्यात 'गोज' आणि चौथ्यात 'अ‍ॅम'नंतर 'यूज्वली' आलं असेल, तर धडा पक्का झाला. नसेल तर 'जागा कुठली?' हा भाग पुन्हा एकदा वाचा.

पुढच्या महिन्यात आपण 'काल काय केलं' ते सांगायला शिकू. तोवर खुदा हाफिज.